फार्माकॉलॉजीतली नेहमीची औषधं आणि त्यांच्या नर्सिंग कन्सिडरेशन्स लक्षात कशा ठेवायच्या?

बीएस्सी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेस. मॅडमनी शंभरेक औषधांचा तक्ता दिलाय. ॲक्शन, डोस, साइड इफेक्ट कसंबसं पाठ होतं, पण ‘नर्सिंग कन्सिडरेशन्स’चा, म्हणजे औषध देताना नर्सने काय बघायचं त्याचा, शेवटचा रकाना सगळ्या औषधांना सारखाच वाटतो, तो सोडून दिला तर चालेल का, असा तुझा प्रश्न. वरच्या उत्तरात एका भाऊने सांगून टाकलंय की तो रकाना ‘कॉमन पॉइंट’ ठोकून भरता येतो: व्हायटल्स बघा, ॲलर्जी विचारा, डॉक्टरांना कळवा. मार्क मिळतील, खोटं नाही. पण ते वाचून माझ्या डोक्यात तिडीक गेली, म्हणून एवढं लिहायला बसले.

आख्ख्या तक्त्यात तुझा स्वतःचा म्हणावा असा तेवढा एकच रकाना आहे. डोस डॉक्टर लिहिणार, ॲक्शन औषधाची, साइड इफेक्ट पेशंटचे. गोळी पोटात गेल्यावर पुढचे तीन तास कॉटजवळ कोण असतं? आपण. तोच रकाना सोडायचा म्हटल्यावर गोळ्या वाटायला वॉर्डातल्या मावशी काय वाईट?

माझी नर्सची बरीचशी नोकरी सातपुड्याच्या पायथ्याशी झाली. जळगाव जिल्ह्यातला चोपडा, यावल, रावेरचा पट्टा. इकडे उन्हाळ्यात माणसं अंगणात नाहीतर धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर झोपतात. घराला लागून सरपण, पऱ्हाट्या, गोवऱ्यांचा ढीग. विंचू चावलेले पेशंट तेव्हा रात्री-बेरात्री येतच राहतात. तुझ्या तक्त्यात प्राझोसिन कुठेतरी खाली, ‘अँटिहायपरटेन्सिव्ह’मध्ये, म्हणजे बीपी उतरवणाऱ्या औषधांत, एका ओळीत उरकलेलं असेल. आमच्याकडे ते इमर्जन्सी ट्रेमध्ये वरच्या कप्प्यात असतं.

एका नाईटला पाच-सहा वर्षांचा मुलगा आणला. संध्याकाळी आजीमागोमाग गोवऱ्या काढायला गेला आणि ढिगात हात घातला. गावातल्या डॉक्टरने एव्हिल (ॲलर्जीचं) आणि डेक्सा (स्टेरॉइड) टोचून ‘होईल कमी’ म्हणून घरी पाठवलेलं. विंचवाच्या विषाला या दोन्हींनी काडीचा फरक पडत नाही, पण आपल्याकडे सुई टोचली की घरच्यांना बरं वाटतं. आमच्याकडे पोचला तेव्हा उलट्या चालू, सदरा घामाने पिळून काढावा इतका ओला, तोंडातून लाळ, आणि एवढ्या उकाड्यात हातपाय बर्फासारखे गार. बीपीचा लहान मुलांचा पट्टा, म्हणजे कफ, शोधून बीपी घेतलं (मोठ्यांचा कफ पोराच्या दंडाला गुंडाळला तर बीपी खोटंच कमी दिसतं, हे आत्ताच डोक्यात ठेव). १४०/१००. त्या वयाच्या पोराला!

हे असं का होतं ते कळलं की प्राझोसिनचा शेवटचा रकाना पाठ करावा लागत नाही. लाल विंचवाचं विष मज्जातंतूंमधली सोडियमची दारं उघडीच ठेवतं. शरीरात ॲड्रिनलिन-नॉरॲड्रिनलिनचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, बीपी चढतं, हृदयावर भार येतो आणि शेवटी फुप्फुसात पाणी होतं. पोरं मरतात ती त्यामुळे, चावल्या जागच्या दुखण्याने नाही. प्राझोसिन वाहिन्या आवळायला लावणारे अल्फा-१ रिसेप्टर अडवतं आणि आवळलेल्या वाहिन्या सैल सोडतं. बीपीची ही साधी गोळी विंचवावर वापरायची हे आपल्याच माणसाने जगाला दाखवलं. डॉ. हिंमतराव बावस्कर, मूळचे जालना जिल्ह्यातले, कोकणात महाडला राहून त्यांनी १९८०च्या दशकात हे काम केलं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे पेपर आले. पद्मश्री मिळाली २०२२ मध्ये. तुझ्या परदेशी लेखकाच्या पुस्तकात हे सापडणार नाही, आणि विंचू तर तुझ्याच पोस्टिंगला भेटणार.

आता वाहिन्या सैल झाल्यावर माणूस उभा केला तर काय होईल? रक्त पायांत उतरणार, डोक्याला कमी पडणार. पुस्तकात ‘फर्स्ट डोस हायपोटेन्शन’ म्हणतात ते एवढंच. म्हणून आडवं ठेवायचं. लहान मूल असेल तर उचलायचं नाही, कडेवर नाही, खांद्यावर नाही, मांडीवर बसवायचंसुद्धा नाही. पुस्तकात ही अर्धी ओळ आहे. आमच्या वॉर्डात त्या अर्ध्या ओळीसाठी मला आख्खी रात्र भांडावं लागलं.

ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी ३० मायक्रोग्रॅम पर केजी सांगितलं. वजन सोळा किलो, म्हणजे ४८० मायक्रोग्रॅम, एक मिलिग्रॅमची साधी गोळी अर्धी. साधी म्हणजे साधीच. मिनिप्रेस एक्सएल ही प्राझोसिनचीच, पण सावकाश सुटणारी गोळी आहे, ती तोडायची नसते आणि इथे कामाचीही नसते. बाहेरून गोळी आणायला नातेवाईक पळाले आणि मेडिकलवाल्याने एक्सएल हातात दिली, तर ती परत पाठवायला तुला फरक माहीत हवा. गोळी चुरून चमच्यात पाण्याबरोबर दिली, ओकून टाकत नाही ना हे बघत थांबले, वेळ लिहिली. अधूनमधून चमच्याने ओआरएस, कारण उलट्या-घामाने आटलेल्या पोराचं बीपी प्राझोसिनने आणखी कोसळतं. दर अर्ध्या तासाला नाडी, बीपी, श्वास.

घरच्यांना सांगितलं, पोराला कोणी उचलायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पलीकडे दुसऱ्या कॉटवर सलाईन लावायला गेले आणि इकडे पोरगं रडायला लागलं. आजीने उचलून खांद्यावर टाकलं. रडणं थांबलं, तिला वाटलं शांत झाला. मी वळून पाहिलं तर मान लुळी. मनगटावर नाडी लागेना. तिच्या हातातून पोराला घेतलं, आडवं केलं, पाय उशीवर चढवले, डॉक्टरांना हाक मारली, सलाईनचा बोलस, म्हणजे भराभर सलाईन, सुरू केला. थोड्या वेळाने नाडी परत बोटाला लागली आणि पोरगं किंचाळलं. त्या रात्री ऐकलेल्या आवाजांत मला सगळ्यात गोड वाटला तो तोच.

मग मी आजीवर ओरडले का? ओरडले. ती म्हणाली, “मना नातू शे तो. मी त्याले मांडीवर लिसू. तुनं काय जास?” (माझा नातू आहे, मी मांडीवर घेईन, तुझं काय जातं?) मी म्हटलं, “आजी, मना कागदवर नाव शे, मनंच जास.” (कागदावर माझं नाव आहे, माझंच जातं.) आणि बाकीच्यांना वॉर्डाबाहेर काढलं. आजीला नाही काढलं. तिला कॉटच्या पायथ्याशी स्टुलावर बसवलं, पोराचे तळवे तिच्या हातात दिले आणि सांगितलं, हे गरम व्हायला लागले की मला हाक मार. प्राझोसिन लागू पडतंय हे ओळखायची बेडसाइडची खूण तीच आहे, गार पडलेले हातपाय गरम आणि कोरडे होतात. तिला काम मिळालं, मला एक जोडी हात. तीन तासांनी दुसरा डोस. पहाटे आजीने हाक मारली.

एवढं सगळं झाल्यावर माझ्या हातात काय पडलं? मेमो. पोराचा काका तालुक्यात वजन राखून. सकाळी त्याने तक्रार केली की सिस्टर उद्धट आहे, रडणाऱ्या लेकराला घरच्यांना घेऊ देत नाही, माणुसकी नाही. वरिष्ठांनी केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, “सिस्टर, गोळी दिली ना? मग झालं तुमचं काम. उगीच घरच्यांशी कशाला वाद घालता?”

वर ‘कॉमन पॉइंट’ सांगणारा भाऊ आणि ते वरिष्ठ, दोघांचं म्हणणं मला एकच दिसतं. गोळी दिली की काम झालं. मी त्या वेळी केबिनमध्ये गप्प बसले, कारण दारात काका उभा होता. लेखी खुलासा मागितला तेव्हा मात्र मी रात्रीच्या नर्सेस नोट्सच उतरवून दिल्या. किती वाजता डोस, डोसच्या आधीचं बीपी, नातेवाइकांना दिलेल्या सूचना, आजीने उचलल्याची वेळ, नाडी न लागल्याची नोंद, आडवं केल्यानंतरचं बीपी, डॉक्टरांना कळवल्याची वेळ. एक विशेषण नाही. त्याच्यापुढे त्या मेमोचं काही झालं नाही. सिस्टरचं तोंड कितीही चालत असू दे, वरिष्ठांसमोर कागदच बोलतो. म्हणून ‘डॉक्टरांना कळवा’ असं नुसतं लिहू नकोस. काय दिसलं की कळवायचं, ते लिही. ‘कळवलं, इतक्या वाजता, हे सांगितलं, हा आदेश मिळाला’ अशी सवय आत्तापासून लाव.

बरं, तुझ्या तक्त्याकडे येते. सगळी शंभर मी सांगणार नाही, माझ्याकडे तेवढा वेळ नाही आणि तुला त्याचा उपयोगही नाही. प्रत्येक औषधाला तीन गोष्टी विचार: द्यायच्या आधी काय बघितल्याशिवाय हात लावायचा नाही, दिल्यावर पहिल्यांदा काय बिघडेल, आणि बिघडलं तर ट्रेमध्ये काय तयार हवं. या तिन्हींची उत्तरं औषध काम कसं करतं त्यातूनच निघतात.

ॲट्रोपीन घे. आपला भाग कापसाचा. फवारणीच्या दिवसांत ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकाचे पेशंट येतात, कोणी फवारताना विष अंगावर घेतलेले, कोणी प्यायलेले. तिथे ॲट्रोपीन हेच जीव वाचवतं. ०.६ मिलिग्रॅमचे ॲम्प्यूल फोडता फोडता बोटं सोलतात. बघायचं काय? छातीतला घरघर आवाज कोरडा झाला का, घाम आणि लाळ थांबली का, नाडी किती. नुसती डोळ्याची बाहुली मोठी झाली म्हणून समाधान मानायचं नाही. जास्त झालं तर पेशंट तापतो, बरळायला लागतो, सलाईन उपटतो, पोट फुगतं, लघवी तुंबते. आणि हेच ॲट्रोपीन विंचवाच्या पेशंटला लाळ आणि घाम बघून कोणी भरलं तर? आधीच धावणारं हृदय आणखी पळवलंस. वरवर लक्षणं सारखी, कपडे तसेच भिजलेले, औषध मात्र उलटं. हा एक फरक ज्या मुलीला नीट समजला, तिला ऑटोनॉमिकचा, म्हणजे आपोआप चालणाऱ्या मज्जासंस्थेचा, आख्खा चॅप्टर समजला असं मी म्हणेन.

डिगॉक्सिन (हृदयाचं) आणि लॅसिक्स (लघवी वाढवणारं) वेगवेगळ्या पानांवर पाठ करू नकोस, पेशंटच्या केस पेपरवर ती एकाखाली एक असतात. लॅसिक्स पोटॅशियम बाहेर टाकतं, पोटॅशियम उतरलं की डिगॉक्सिन त्याच डोसमध्ये विषारी ठरतं. म्हणून डिगॉक्सिनच्या आधी स्टेथो छातीवर ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजायची, पंधरा सेकंद गुणिले चार नाही. मोठ्या माणसात ६० च्या खाली असेल तर डोस थांबवून विचारायचं. पेशंट म्हणाला की जेवण नको वाटतं, मळमळतं, दिव्याभोवती पिवळं दिसतं, तर ते ‘म्हातारपण’ म्हणून सोडायचं नाही. लॅसिक्स सकाळी द्यायचं. संध्याकाळी दिलंस तर म्हातारा रात्रभर संडास-बाथरूमच्या वाऱ्या करून एखाद्या वेळी पडेल.

पोटॅशियम क्लोराइड. १० एमएलच्या ॲम्प्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट. हे सिरिंजने थेट शिरेत कधीही नाही, कोणीही सांगितलं तरी नाही, घाई असली तरी नाही. सलाईनमध्ये घालायचं, बाटली उलटीपालटी करून नीट मिसळायचं, हळू सोडायचं, आणि आधी पेशंटला लघवी होते का ते बघायचं. डिस्टिल्ड वॉटरच्या ॲम्प्यूलशेजारी हे ठेवलेलं दिसलं तर इन्चार्ज सिस्टरशी भांड. माझं नाव सांग हवं तर.

इन्सुलिनचं पुस्तकातलं सगळं तुला येत असेल, गढूळच्या आधी पारदर्शक वगैरे. पण आपल्याकडे व्हायल ४० युनिट पर एमएलचीही येते आणि १०० चीही, आणि सिरिंजही दोन प्रकारच्या, लाल टोपणाची ४० ला, केशरी टोपणाची १०० ला. १०० च्या व्हायलमधून ४० च्या सिरिंजने ओढलंस तर अडीच पट इन्सुलिन गेलं. परीक्षेत हे विचारोत न विचारोत. आणि जेवणाचं ताट कॉटवर आल्याशिवाय रेग्युलर इन्सुलिन टोचायचं नाही; डबा गावाहून सकाळच्या एसटीने येणार असेल तर एसटीची वेळ विचार.

फेनिटॉइन हे आकडीचं औषध फक्त नॉर्मल सलाईनमध्ये. डेक्स्ट्रोजमध्ये घातलंस की दाणे पडतात. मिनिटाला ५० मिलिग्रॅमपेक्षा वेगात नाही, नाहीतर बीपी आणि हृदय दोन्ही बसतं. टीबीच्या औषधांत रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते हे पहिल्याच दिवशी सांग, नाहीतर पेशंट ‘रक्त पडतंय’ म्हणून औषध सोडून देतो. एथॅम्ब्युटॉलवर असलेल्याला रंग नीट दिसतात का विचार.

लोहाच्या गोळीबद्दल तू ‘चहाबरोबर देऊ नये, शौच काळी होते’ लिहिशील. ठीक. पण तुझी पोस्टिंग नंदुरबार-धुळ्याकडे असेल, तर भिल्ल-पावरा वस्तीत सिकलसेल (लाल रक्तपेशी विळ्यासारख्या होणारा आनुवंशिक आजार) आहे. हिमोग्लोबिन कमी दिसलं की लोह दे, हे प्रत्येकाला लागू नाही. वारंवार रक्त भरलेल्या सिकलसेलच्या पेशंटच्या अंगात लोह आधीच साठलेलं असू शकतं. सिकलसेल ओळखायच्या तपासण्या, सोल्युबिलिटी टेस्ट, इलेक्ट्रोफोरेसिस झालंय का ते कार्डावर बघ. हायड्रॉक्सीयुरिया या सिकलसेलच्या औषधावर असेल तर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) ठरलेल्या वेळी होतोय का आणि बाई गरोदर राहायच्या बेतात आहे का, हे विचारायचं काम आपलंच. केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झालं, त्यामुळे तुझ्या बॅचला व्हायव्हात हा विषय येऊ शकतो.

एवढं लिहून झाल्यावर काही गोष्टी राहिल्यात. प्राझोसिनचं वाचून कोणी घरच्या घरी विंचवावर बीपीची गोळी देऊ नका. ज्याला नुसतं चावल्या जागी दुखतंय, घाम-उलट्या नाहीत, हातपाय गरम आहेत, त्याला ती लागतही नाही. त्याला वेदनाशामक आणि नजरेखाली ठेवणं पुरतं. आता विंचवाच्या विषावरचा उतारा (अँटिव्हेनम, लोक ‘लस’ म्हणतात) मिळतो, आणि बावस्करांच्याच २०११ च्या अभ्यासात प्राझोसिनबरोबर तो दिल्यावर पेशंट लवकर सावरले, तेव्हा तुमच्या हॉस्पिटलचा प्रोटोकॉल काय आहे तो आधी बघ. डिगॉक्सिनचा ६० चा आकडा मोठ्यांचा, मुलांत वेगळा. आणि डोस थांबवणं म्हणजे स्वतःच बंद करून टाकणं नाही. थांबवून लगेच विचारायचं. मी डॉक्टरांच्या विरोधात नाही, त्या रात्रीचे डॉक्टर माझ्यासोबत पहाटेपर्यंत जागे होते. राग आहे तो सकाळी इस्त्रीच्या कपड्यात येऊन ‘झालं तुमचं काम’ म्हणणाऱ्यांवर.

तोंडी परीक्षेला एक औषध नक्की तयार ठेव, मॅग्सल्फ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. एक्लॅम्पसियात (गरोदरपणात बीपी वाढून येणाऱ्या झटक्यांत) शिरेतून ४ ग्रॅम आणि दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, मग दर चार तासांनी आळीपाळीने ५. प्रत्येक डोसच्या आधी तीन गोष्टी बघायच्या: गुडघ्याचा झटका येतो का, श्वास मिनिटाला १६ च्या खाली नाहीत ना, लघवी तासाला निदान ३० एमएल आहे का. आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के, १० एमएल, सिरिंजसकट कॉटशेजारी. इथपर्यंत सगळ्याच मुली सांगतात. मग परीक्षक विचारतात, लेबर रूममध्ये नी हॅमर (गुडघ्याचा झटका बघायची रबरी हातोडी) नसेल तर? तेव्हा मुली एकमेकींकडे बघतात. तू सांग, बाईचा गुडघा खालून हात घालून सैल उचलायचा आणि स्टेथोच्या डायफ्रामच्या कडेने वाटीखालच्या कंडरेवर (टेंडनवर) टिचकी मारायची. आमच्याकडे नी हॅमर होता, पण इन्व्हेंटरीच्या कपाटात, आणि त्याची किल्ली दिवसपाळीच्या सिस्टरकडे.